दप्तरातील माहिती पाहावी कशी?

माहिती साठविणे निराळे आणि साठविलेली माहिती हवी तेव्हा हवी त्याच्या हाती लागणे निराळे. पहिले काम राज्यकर्त्यांनी, देवस्थानांनी आणि सावकारांनी शतकानुशतके चोख केले. दुसऱ्या कामाकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. कारण कोणता कागद कोठे ठेवला आहे हे ठाऊक असलेला एखादा मनुष्य कचेरीत असे, आणि त्याला विचारले की काम भागे. आज दप्तरे संगणकात गेली आहेत. तो जाणता मनुष्य बाजूला झाला आहे आणि त्याच्या जागी काचेचा एक पडदा आला आहे. या पडद्याची मांडणी कशी असावी, म्हणजे सामान्य माणसाला प्रचंड माहितीसंग्रहाला प्रश्न विचारता येतील आणि त्यात मोकळेपणाने हिंडताही येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषयाचे नाव ऐकून कोणास वाटेल की हा यंत्रज्ञांचा प्रांत आहे, आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो पायाखालच्या जमिनीइतका जवळचा आहे. हुबळी-धारवाडच्या आसपासच्या काळ्या रानात ज्याची चार एकर जमीन आहे त्याला पीककर्ज काढावयाचे असो, वडिलांच्या पश्चात वारसाची नोंद करून घ्यावयाची असो की बांधाचा तंटा मिटवावयाचा असो, जमिनीचा उतारा लागतोच. पूर्वी हा उतारा कचेरीतल्या रुमालात बांधलेल्या कागदांतून निघे. आज तो पडद्यावरून निघतो. पडद्याची मांडणी नीट नसेल तर उतारा दप्तरात असूनही त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच होय.

म्हणून प्रथम या दप्तराकडेच वळू. १८४० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात, म्हणजे धारवाडकडे, विंगेट यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम पक्के केले. प्रत्येक शेताला एक नंबर, त्याच्या हद्दीला दगड, गावाचा एक नकाशा आणि त्या नकाशाला जोडलेली एक नोंदवही, अशी ही व्यवस्था होती. पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि एकाच झाडाच्या दोन फांद्या निराळ्या वाढू लागल्या. महाराष्ट्रात ज्याला आपण सातबारा म्हणतो त्याला धारवाडकडे पहणी म्हणतात. हा कन्नड शब्द आपल्या ‘पाहणी’चा सख्खा भाऊ आहे. हिस्सा, खराब, आकार, खाते हे शब्दही दोन्ही बाजूंना ओळखीचे आहेत.

या जुन्या व्यवस्थेत एक मर्म होते, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. वही आणि नकाशा ही एकाच दप्तराची दोन तोंडे होती. वहीला प्रश्न विचारावयाचा : अमुक नंबरचा धारक कोण, क्षेत्र किती, आकार किती? नंबर ठाऊक असेल तर उत्तर ताबडतोब मिळे. नकाशात मात्र हिंडावयाचे असते. ओढा येथून येतो, वाट येथून जाते, तिच्या डाव्या हाताला आपले शेत. मग त्याचा नंबर वाचावयाचा. नेमके काय विचारावयाचे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी वही, आणि ज्याला ते ठाऊक नाही पण दिसले की ओळखता येईल त्याच्यासाठी नकाशा. विचारणे आणि हिंडणे या दोन गरजा माणसाच्या बुद्धीला सारख्याच स्वाभाविक आहेत, आणि कोणत्याही मोठ्या माहितीसंग्रहाच्या पडद्याने त्या दोन्ही भागविल्या पाहिजेत.

वही आणि नकाशा यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट होती. ती कोणत्याही कागदावर नव्हती. ती म्हणजे गावच्या कुलकर्ण्याची स्मरणशक्ती. “देवळामागचे, चिंचेखालचे शेत” एवढे सांगितले की त्याला नंबर आठवे. एकाच घराण्याची दोन आडनावे दप्तरात का दिसतात, कोणत्या साली कोणता हिस्सा फुटला, हे त्याला तोंडपाठ असे. अर्थात या ज्ञानाची किंमतही गावाला मोजावी लागे. ज्याच्यावर त्याची मर्जी त्याचा उतारा आज, आणि ज्याच्यावर गैरमर्जी त्याचा उतारा पुढच्या अमावास्येला!

कर्नाटक सरकारने ‘भूमी’ नावाची योजना आखली ती ही मर्जी मोडून काढण्यासाठी. तोपर्यंत राज्यातील जमिनीची नोंदपत्रे सुमारे ९,००० गाव-लेखापालांच्या ताब्यात होती आणि एकेकाकडे तीन-चार गावे असत. सुमारे ६७ लाख धारकांची २ कोटी नोंदपत्रे संगणकात भरण्यात आली, आणि २००१ च्या सुमारास १७७ तालुक्यांच्या ठिकाणी १५ रुपये फी घेऊन छापील उतारा देणारी केंद्रे सुरू झाली. तालुका संगणकावर आला की तेथील हस्तलिखित उताऱ्याची मान्यता संपे. या केंद्रांच्या योजनेत एक लहानशी पण मोलाची युक्ती होती. कारकुनाच्या पडद्याखेरीज दुसरा एक पडदा अर्जदाराकडे तोंड करून ठेवावयाचा, म्हणजे आपल्या जमिनीविषयी काय टंकले जात आहे आणि काय निघत आहे हे शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे. जे दप्तर पिढ्यानुपिढ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाचले जात होते ते प्रथमच अलीकडच्या बाजूने दिसू लागले.

मात्र वही संगणकात गेली तरी कुलकर्ण्याची स्मरणशक्ती काही संगणकात गेली नाही. पडद्याची मांडणी करणाऱ्याचे खरे काम येथेच सुरू होते. कुलकर्ण्याचे ज्ञान हवे, पण त्याची मर्जी नको, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न जगभर पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्याचा थोडक्यात परिचय करून घेणे उपयोगाचे होईल.

१९७० साली कॉड या शास्त्रज्ञाने असे सुचविले की सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि प्रश्न विचारणाऱ्याने ती यंत्रात कोठे ठेवली आहे याची चिंता करू नये. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक लेखी भाषा तयार केली. ती भाषा थोडी सुधारलेल्या रूपात आजही जगातील बहुतेक कचेऱ्यांत राबत आहे. भाषा समर्थ आहे, पण ती वापरण्यासाठी तक्त्यांची नावे, रकान्यांची नावे आणि वाक्यरचनेचे नियम मुखोद्गत असावे लागतात. एक स्वल्पविराम चुकला की यंत्र तोंड फिरविते. त्याच सुमारास झ्लूफ या संशोधकाने निराळी वाट काढली. त्याने वापरणाऱ्यापुढे रिकामा तक्ताच ठेवला आणि म्हटले, तुम्हांला जसे उत्तर हवे आहे त्याचा एक नमुना योग्य रकान्यात लिहा. बाकीचे यंत्र पाहील. लग्न जमविताना आपण “मुलगी अशी अशी हवी” म्हणून नमुना सांगतो, त्यातलाच हा प्रकार. आज कोणत्याही कचेरीच्या संकेतस्थळावर जो शोधाचा फॉर्म दिसतो तो या कल्पनेच्या कुळातला आहे.

तरीही फॉर्मात एक उणीव राहतेच. तो भरून बटण दाबेपर्यंत पलीकडे काय आहे हे कळत नाही. अंधाऱ्या कोठारात हात घालून चाचपडण्यासारखे ते असते. १९९२ साली अमेरिकेत विल्यमसन आणि श्नायडरमन यांनी या अंधारात दिवा लावून दाखविला. वॉशिंग्टन शहराच्या नकाशावर विकाऊ घरे ठिपक्यांच्या रूपाने मांडली आणि बाजूला किंमत, खोल्यांची संख्या वगैरे सरकत्या पट्ट्या ठेवल्या. किमतीची पट्टी खाली ओढावी, तो महाग घरांचे ठिपके त्याच क्षणी मावळावेत. पुन्हा वर ढकलावी, तो ते उगवावेत. प्रश्न आणि उत्तर यांत सेकंदाच्या दहाव्या भागाएवढेही अंतर पडले नाही म्हणजे माणसाला आपण प्रश्न विचारीत आहोत असे वाटतच नाही. आपण पाहत आहोत असे वाटते. पुढे १९९६ मध्ये श्नायडरमन यांनी या अनुभवाचे सार एका सूत्रात सांगितले. आधी सगळ्याचे ओझरते दर्शन द्यावे, मग जवळ जाण्याची व नको ते गाळण्याची सोय द्यावी, आणि तपशील मागेल त्यालाच व मागेल तेव्हाच द्यावा. आपल्याकडे परका पाहुणा गावात आला की प्रथम टेकडीवरून गाव दाखवितात, मग आळी, मग घर. तोच हा क्रम.

आता सगळ्याचे दर्शन म्हणजे सगळे एकदम दाखविणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. नेहमीच्या संगणकाच्या पडद्यावर रुंदीत १,९२० आणि उंचीत १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार. ‘भूमी’तील नोंदपत्रे २ कोटी. प्रत्येक नोंदपत्राला एक ठिपका द्यावयाचे म्हटले तरी दहा पडदे लागतील, आणि ठिपक्यात अक्षर मावणार नाही ते नाहीच. म्हणून दुरून पाहताना नोंदी दाखवावयाच्या नसतात, नोंदींची मोजदाद दाखवावयाची असते. धारवाड जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येक गावाला त्या गावी अडकून पडलेल्या वारसनोंदींच्या संख्येप्रमाणे फिकी किंवा गडद छटा दिली तर कोणत्या भागात काम तुंबले आहे हे जिल्हाधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळेल आणि गावकऱ्यालाही कळेल. मग गडद गावावर बोट ठेवावे, तेथील शेते उलगडावीत. शेतावर बोट ठेवावे, उतारा पुढे यावा. मात्र केवळ रंगावर भिस्त ठेवणे बरे नव्हे. लाल व हिरवा रंग ज्यांना निराळे दिसत नाहीत अशी माणसे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी रंगाबरोबर आकडाही हवा.

हे झाले तत्त्व. ते आपल्या भागात उतरविताना निराळेच खाचखळगे लागतात. त्यांतील पहिला वर्गवारीचा. कर्नाटकाच्या संकेतस्थळावर पहणी पाहावयाची तर जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, मग ‘सर्नोक’ आणि हिस्सा अशा पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात. पायऱ्यांची कल्पना चांगली आहे, कारण प्रत्येक पायरीवर काय काय उपलब्ध आहे हे यादीतून दिसते. पण समजा, पुण्यात स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाच्या पेटीत आजोबांच्या वेळचा कागद आहे आणि त्यावर ‘तालुका राणीबेन्नूर, जिल्हा धारवाड’ असे लिहिले आहे. नातू धारवाड जिल्हा निवडतो. यादीत राणीबेन्नूर नाही! कारण १९९७ साली धारवाडचे विभाजन होऊन गदग व हावेरी हे निराळे जिल्हे झाले आणि राणीबेन्नूर हावेरीत गेले. जुन्या कागदांत कुंदगोळ जमखंडी संस्थानात सापडेल, शिरहट्टी सांगली संस्थानात. अळनावर आणि अण्णीगेरी ही तर अलीकडे तालुक्याची ठाणी झाली. पिढीजात जमीन पिढीजात नावानेच शोधली जाणार; ती राज्यकारभाराच्या आजच्या चौकटीत शोधा, असे म्हणणे म्हणजे नातवाने इतिहासाची परीक्षा देऊनच दप्तरात यावे, असे म्हणण्यासारखे आहे.

यावर उपाय आपल्याच देशातील एका थोर ग्रंथपालाने फार पूर्वी दाखवून ठेवला आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३३ साली जी द्विबिंदु वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली तिचे सूत्र असे की, ग्रंथ एकाच खणात कायमचा कोंबू नये. विषय, स्थळ, काळ अशा निरनिराळ्या बाजूंनी त्याची ओळख नोंदवावी. मग ज्याला जी बाजू ठाऊक असेल त्या बाजूने त्याने यावे. आज दुकानांच्या संकेतस्थळांवर किंमत, रंग, बनावट अशा चाळण्या लावून आपण वस्तू शोधतो त्या चाळण्यांमागची कल्पना हीच. गावाच्या नोंदीला आजचा जिल्हा, १९९७ पूर्वीचा जिल्हा, जुने संस्थान आणि जवळचे मोठे गाव अशा चार बाजू जोडल्या तर राणीबेन्नूरचा नातू कोणत्याही दाराने आत येऊ शकेल. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच नियमांपैकी चौथ्याचे सांगणे. ग्रंथालयाइतकेच ते तहसील कचेरीलाही लागू आहे.

दुसरा खाचखळगा नावांचा आणि लिप्यांचा. आपण मराठीत ‘कुलकर्णी’ लिहिताना शेवटचा स्वर दीर्घ लिहितो. कन्नडात तो ऱ्हस्व लिहितात. ‘देशपांडे’तील शेवटचा एकारही कन्नडात ऱ्हस्व होतो. मधे इंग्रजी लिपी आली की आणखी घोटाळा. शहराचे नावच पाहा ना : मराठीत हुबळी, कन्नडात हुब्बळ्ळी, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीतही जुने ‘हुबळी’ जाऊन ‘हुब्बळ्ळी’ आले. रेल्वेच्या सांकेतिक अक्षरांत मात्र जुन्या नावाची ‘यूबीएल’ ही खूण टिकून आहे. माणूस यातले कोणतेही नाव घेईल. ही सगळी एकाच स्थळाची नावे आहेत हे कुलकर्ण्याला सांगावे लागत नव्हते. यंत्राला ते सांगून ठेवावे लागते. अक्षरे तंतोतंत जुळली तरच उत्तर देणारा पडदा दोन भाषांच्या सीमेवर निरुपयोगी ठरतो. तेथे उच्चाराला जवळची अशी सर्व नावे पुढे ठेवून “यांपैकी कोणते?” असे विचारणारा पडदा हवा. महाराष्ट्राच्या भूलेखाच्या संकेतस्थळावर गाव निवडल्यानंतर गट क्रमांकाखेरीज पहिल्या नावाने किंवा आडनावानेही शोधता येते. नंबर हे कचेरीचे ज्ञान, नाव हे शेतकऱ्याचे ज्ञान. पडद्याने दोन्ही स्वीकारावीत हे उत्तम.

तिसरा खाचखळगा कचेरीच्या बोलीचा. वर ज्या ‘सर्नोक’चा उल्लेख आला तो सर्व्हे नंबराला जोडलेला एक उपसंकेत आहे. कित्येक शेतांच्या बाबतीत त्या जागी नुसते तारकेचे चिन्ह असते. कारकुनाला त्यात नवल वाटत नाही. परंतु नवख्या माणसाला तारका निवडावयाची म्हणजे काय करावयाचे, हे उमजत नाही. जेथे एकच पर्याय आहे तेथे यंत्रानेच तो निवडून पुढे जावे, आणि जेथे निवड करणे भागच आहे तेथे घरात बोलल्या जाणाऱ्या शब्दांत दोन ओळींचा खुलासा द्यावा. याहून वाईट म्हणजे ‘नोंद आढळली नाही’ एवढेच म्हणून गप्प बसणारा पडदा. त्या तीन शब्दांनी शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. नोंद खरोखरच नाही, की नंबर चुकला, की गाव दुसऱ्या तालुक्यात गेले? चांगला पडदा रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. “या नंबराचा हिस्सा २ नाही, पण १ आणि ३ आहेत, ते पाहा,” असे तो सांगतो. कोणती अट काढून टाकली असता उत्तर मिळेल हे सुचविणे यंत्राला मुळीच अवघड नाही. ते सुचवावे हे मांडणी करणाऱ्याच्या मनात यावे लागते.

अलीकडे कर्नाटकात ‘दिशांक’ नावाची सोय भ्रमणध्वनीवर आली आहे. शेतात उभे राहून ती उघडली असता उपग्रहाने घेतलेल्या चित्रावर सर्व्हे नंबरांच्या रेषा दिसतात आणि आपण उभे आहोत त्या जागेचा नंबर कळतो. विंगेटच्या काळातील गावनकाशाच पुन्हा तळहातावर आला, असे म्हणावयास हरकत नाही. “चिंचेखालचे शेत” एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याने चिंचेखाली जाऊन उभे राहावे. वही आणि नकाशा यांची दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची जोडी अशा रीतीने पुन्हा जुळू लागली आहे. मात्र पडद्यावरील रेषा ही मोजणीदाराची साखळी नव्हे. दोन-चार हातांची चूक तीत असू शकते, आणि बांधाच्या तंट्यात दोन-चार हातांसाठीच डोकी फुटतात. तेव्हा ही रेषा किती विश्वासाची आहे, हेही त्याच पडद्यावर स्पष्ट लिहिलेले असावे.

शेवटी एक गंभीर गोष्ट. माहिती पाहावयास सोपी केली म्हणजे ती सर्वांनाच सारखी सोपी होते, असे नाही. बंगळूरच्या परिसरातील जमिनींचा अभ्यास करून सॉलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असा आक्षेप घेतला की या संगणकीकरणाने लहान शेतकऱ्याऐवजी जमिनीच्या मोठ्या खरेदीदारांचेच फावले. हा आक्षेप सर्वांना मान्य होईलच असे नाही, परंतु त्यातील इशारा खरा आहे. पूर्वी गावोगाव हिंडून जे समजत असे ते एका खोलीत बसून समजू लागले, की ज्याच्याजवळ शिकलेली माणसे आणि पैसा आहे तो पुढे धावतो. यावर उपाय दप्तर पुन्हा रुमालात बांधणे हा नव्हे. दुर्बळाच्या बाजूचा पडदा निदान सबळाच्या पडद्याइतका सुबोध करणे, आणि आपल्या नोंदीत कोणी बदल मागितला तर धारकाला आधी कळविणे, हा उपाय आहे.

म्हणून सरकारने एखादी नवी सोय सुरू केली म्हणजे तिच्या पडद्यावर चित्रे किती सुरेख आहेत एवढेच पाहून समाधान मानू नये. नंबर ठाऊक नसलेल्या माणसाला तेथून आपले शेत सापडते काय? जुन्या कागदावरील गावाचे नाव तो पडदा ओळखतो काय? चूक झाली तर वाट दाखवितो काय? नाक्यावरच्या केंद्रात दुसरा पडदा आपल्याकडे तोंड करून आहे काय? हे चार प्रश्न ग्रामपंचायतीत, तालुक्याच्या सभेत आणि वृत्तपत्रांतून विचारीत राहिले पाहिजे. ज्याची जमीन त्याला तिची पाहणी स्वतःच्या डोळ्यांनी, कोणाचेही आर्जव न करता, करता आली म्हणजेच दप्तर संगणकात नेल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.